कागदावरचं वरण

माझ्या चुकांची सुरुवात एका गुळगुळीत कागदापासून झाली. दोन्ही बाजूंनी छापलेला, कोपऱ्यात गुलाबी फीत, खाली रुग्णालयाचा शिक्का. स्तनाच्या कर्करोगावर उपचार चालू असताना काय खावं याचं ते वेळापत्रक होतं. ते मी बनवलं होतं आणि मला त्याचा चांगलाच अभिमान होता. सकाळी ओट्स, अकराला फळ, दुपारी दोन फुलके, वाटीभर वरण, पालेभाजी, कोशिंबीर, चारला बदाम-अक्रोड, रात्री ब्रोकोलीचं सूप. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. आमच्याकडे बायका येतात त्या जत, सांगोला, मंगळवेढ्याकडून, काही थेट विजापूरच्या बाजूने, पहाटेची एस.टी. पकडून. मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार. तिथल्या बाईच्या हातात मी ओट्सचा कागद देत होते.

कोणी काही बोललं नाही. आपल्याकडे पेशंट डॉक्टरशी वाद घालत नाही, आणि पांढरा कोट घातला की आहारतज्ज्ञही डॉक्टरच. "बरं मॅडम" म्हणायचं, कागदाची घडी घालायची, फाइलच्या प्लास्टिक पिशवीत सरकवायची. "बरं मॅडम" म्हणजे समजलं, असं मी धरून चालले होते. महिन्याच्या अहवालात 'आहार समुपदेशन' या रकान्यात आकडा भरायचा असे, आणि तो आकडा दर महिन्याला वाढत होता. साहेब खूश, मीही खूश.

ब्रोकोलीने कोणाचं नुकसान झालं नाही, कारण ती कोणी आणलीच नाही. नुकसान केलं ते 'वाटीभर वरणा'ने.

किमो चालू असताना प्रथिनं जास्त लागतात. औषध गाठीवर जातं तसं तोंडाच्या, आतड्याच्या अस्तरावर आणि रक्ताच्या नव्या पेशींवरही जातं, आणि ही डागडुजी प्रथिनांशिवाय होत नाही. युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संस्थेची शिफारस आहे की कर्करोगाच्या पेशंटला किलोमागे रोज किमान एक, आणि जमलं तर दीड ग्रॅम प्रथिनं मिळावीत. म्हणजे 46 किलोच्या बाईला 46 ते 69 ग्रॅम. माझ्या हिशेबात वाटीभर वरण म्हणजे 30 ग्रॅम कच्ची डाळ, तिच्यात साधारण सात ग्रॅम प्रथिनं. दोन वेळचे चौदा झाले. पुस्तकात तसंच असतं.

आमच्या समाजसेविकेबरोबर एकदा सांगोल्याच्या पुढच्या एका वाडीवर जाणं झालं. माझं तिथे खरं तर काही काम नव्हतं, तिला सोबत हवी होती. ज्यांच्या घरी गेलो त्या आक्कांचे तीन डोस झाले होते. डोक्याला पदर गुंडाळलेला, नखं काळी पडलेली, आणि त्या चुलीपुढे. घरात माणसं सहा: नवरा, सासू, तीन मुलं आणि त्या स्वतः. डब्यातून त्यांनी एक मूठ तूरडाळ काढली, धुऊन शिजायला टाकली. मग फोडणी, त्यात कांदा-लसूण मसाला, थोडं शेंगदाण्याचं कूट, आणि मग पातेलं भरेपर्यंत पाणी. वर लाल तवंग. आमटी झकास होती, मी दोनदा मागून घेतली. पण माझं लक्ष त्या मुठीवर अडकलं होतं. पन्नास ग्रॅमच्या वर ती काही भरली नसती. पन्नास ग्रॅम तुरीत प्रथिनं अकरा. सहा जणांत वाटली तर माणशी दोन ग्रॅमसुद्धा नाहीत. त्यात दोन वाट्या मी संपवल्या होत्या.

पंगत झाली ती अशी: आधी मुलं, मग नवरा, सासू आणि आम्ही पाहुण्या, शेवटी आक्का. तळाचं घट्ट धाकट्याच्या वाटीत गेलं होतं. आक्कांनी ताटलीत मऊ भात घेतला आणि त्यावर कपभर दूध ओतलं.

"आमटी नाही घेतली?"

"तोंड आलंय मॅडम. तिखट झोंबतं."

"मग मसाला घालायच्या आधी तुमच्यापुरती डाळ बाजूला काढायची."

"एकटीसाठी कोण दुसरी फोडणी घालतंय?"

मी म्हटलं, "बरं, भाकरी तरी घ्या दुधात कुस्करून." त्यावर त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मलाच कळेना आपण काय चुकीचं बोललो. "भाकरी तुमीच बंद केली की. पचायला जड म्हणालासा."

म्हणाले होते. पहिल्या डोसनंतर त्यांना उलट्या थांबेनात, तेव्हा सांगितलं होतं की भाकरी नको, मऊ भात घ्या, पेज घ्या. डोसनंतरच्या चार-पाच दिवसांसाठी ते बरोबरच होतं. पण 'चार-पाच दिवसांसाठी' हे मी बोलले होते की मनातच ठेवलं होतं, ते आज मला आठवत नाही. आक्कांनी दोन महिने भाकरीला हात लावला नव्हता. एका भाकरीला सत्तरेक ग्रॅम पीठ लागतं, तिच्यात सात ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. दिवसाच्या चार भाकरी म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस ग्रॅम. ज्वारीला मी प्रथिनांच्या हिशेबात कधी धरलंच नव्हतं; धान्य म्हणजे पिष्टमय पदार्थ, असं डोक्यात पक्कं बसलेलं. त्या बाईच्या पोटात जाणाऱ्या प्रथिनांचा सगळ्यात मोठा हिस्सा मी एका वाक्यात काढून घेतला होता, आणि त्याच्या बदल्यात कागदावर अक्रोड लिहून दिले होते.

त्या वेळी त्यांचा पुढचा डोस रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असल्यामुळे आठवडाभर लांबलेला होता. पेशी औषधामुळे कमी होतात. भाकरी बंद केल्यामुळे झाल्या असं मी म्हणणार नाही. पण मला बरं वाटावं म्हणून त्याचा काहीच संबंध नव्हता असंही म्हणणार नाही.

डॉक्टरांच्या गोळीला मुदत असते, सकाळ-संध्याकाळ पाच दिवस. पथ्याला मुदत कोणी घालत नाही. सांगणारा विसरून जातो आणि पाळणारी पाळत राहते. त्या भेटीनंतर मी जुन्या पेशंटना विचारत सुटले की मी तुम्हाला काय बंद करायला सांगितलं होतं. उत्तरं ऐकून घाम फुटला. एकीने पेशी कमी होत्या त्या आठवड्यात सांगितलेलं 'कच्चं खाऊ नका' धरून ठेवलं होतं. वर्षभर केळंसुद्धा खाल्लं नव्हतं. खरं तर पेशी कमी असतानाही घरी सोलून खाल्लेलं केळं, धुतलेलं फळ, ताज्या विरजणाचं दही यांना एवढं घाबरायचं कारण नसतं. सगळं शिजवूनच खायचं हा जुना कडक नियम पाळल्याने जंतुसंसर्ग कमी होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. हात, भांडी आणि पाणी स्वच्छ असणं महत्त्वाचं. गाड्यावरचं कापलेलं कलिंगड, बर्फ घातलेला उसाचा रस, न उकळलेलं दूध, खवट वासाचे बुरसट शेंगदाणे हे टाळायचं. पण 'सगळंच बंद' सांगायला सोपं आणि सांगणाऱ्याच्या अंगावर काही येत नाही, म्हणून मी ते सांगत होते.

दुसरी चूक याच्या अगदी उलट दिशेची आहे आणि मला ती जास्त लागते, कारण तिच्यावर मी शाबासकी दिली होती.

कर्करोग म्हणजे माणूस खंगत जाणार, हे चित्र आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असतं. माझ्याही होतं, शिकतानाही तेच ठसलं. अन्ननलिकेच्या, जठराच्या, तोंडाच्या कर्करोगात ते बहुतेक वेळा खरंही असतं. त्यामुळे काट्यावर वजन वाढलं की मला आनंद व्हायचा. एक अंगणवाडी सेविका येत असे, बोलकी, स्वतःच्या नोंदी वहीत ठेवणारी. दर डोसला तिचं वजन थोडं थोडं वर जायचं आणि मी म्हणायचे, "छान! असंच चालू ठेवा." मळमळ बसावी म्हणून दर दोन तासांनी काहीतरी खायला मीच सांगितलं होतं, ती बिस्किटं, टोस्ट, साबुदाण्याची खीर खात होती. नातेवाईक भेटायला येताना लाडू आणत होते. घरातल्या कामाला कोणी हात लावू देत नव्हतं.

किमो संपली तेव्हा तिचं वजन सात किलोंनी वाढलेलं होतं. आणि ती जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यावर, मग भिंतीवर हात टेकवत होती. "वजन वाढलं तर ताकद वाढायला पाहिजे ना?" तिने विचारलं. "तुम्ही तर दर वेळी छान म्हणत होता."

स्तनाच्या कर्करोगात किमो चालू असताना वजन वाढणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि ही माहिती मी हे काम सुरू करण्याच्या कितीतरी आधीपासून उपलब्ध होती. औषधाची ॲलर्जी येऊ नये, उलटी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड देतात. त्याने भूक वाढते आणि साखरही वाढते. थकव्यामुळे हालचाल कमी होते. चाळिशीतल्या बाईची पाळी किमोमुळे अवेळी बंद पडते. या सगळ्यात चरबी चढते आणि स्नायू झडतात, दोन्ही एकाच वेळी. काटा फक्त बेरीज दाखवतो. पाळी गेल्यानंतर शरीरातलं इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीच्या पेशींत तयार होतं, आणि बऱ्याच जणींची गाठ याच संप्रेरकावर वाढणारी असते. शिवाय काखेतल्या गाठी काढल्यावर हाताला सूज येण्याचा धोका असतो, तो वजनाबरोबर वाढतो. एवढं सगळं असताना मी बिस्किटांना 'छान' म्हणत होते.

तिला मी काय सांगायला हवं होतं ते फार अवघड नव्हतं. मळमळीला बिस्किटाऐवजी फुटाणे, लाह्या, सुकी भाकरी चालते. तोंडाला धातूची चव येत असेल तर स्टीलचा चमचा बाजूला ठेवून बघायचा, जेवण कोमट किंवा गार खायचं म्हणजे वास कमी येतो, तोंड आलेलं नसेल तर आमसुलाचं सार, लिंबू. उलटीच्या गोळ्यांनी पोट जड होतं, तर पाणी आणि चालणं. आणि ज्या दिवशी बरं वाटतं त्या दिवशी घरातलं काम करायचं, झाडू मारायचा, पायऱ्या चढायच्या. घरच्यांना हे सांगितलं की ते दचकतात. आजारी बाईला काम करू द्यायचं म्हणजे लोक काय म्हणतील! जी बाई एरवी पहाटे पाचपासून राबते तिला आजारपणात पूर्ण झोपवून ठेवायचं, आणि स्वयंपाक मात्र तिनेच करायचा, अशी विचित्र विभागणी मी बऱ्याच घरांत पाहिली आहे.

आता बंद करण्याच्या गोष्टींकडे येते, कारण आमच्या टेबलासमोर बसलेल्या प्रत्येकीचा पहिला प्रश्न तोच: "मॅडम, पथ्य काय?" काही बंद केलं नाही तर उपचार नीट चाललेत असं लोकांना वाटत नाही, आणि मी ती भूक भागवत होते. ऑपरेशननंतर भात-डाळ खाल्ली तर जखमेत पू होतो असं घरी सांगितलेलं असे, ते मी खोडून काढायचे. वर स्वतःचं एक पथ्य जोडायचे: सोयाबीन बंद.

तर्क असा होता की सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनसारखे घटक असतात, म्हणजे इस्ट्रोजेनवर वाढणाऱ्या गाठीला ते घातकच. ऐकायला चोख. शांघायमध्ये स्तनाचा कर्करोग झालेल्या 5,042 बायकांचा पाठपुरावा केलेला अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. त्यात जेवणात सोया जास्त असणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण उलट कमी दिसलं. गोळ्या-पावडरींची गोष्ट वेगळी, पण जेवणातलं सोया चालतं, असंच आता सांगितलं जातं. मी मात्र त्यानंतरही काही वर्षं जुनंच सांगत राहिले. पन्नास टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असलेल्या सोयाच्या वड्या, डाळीच्या जवळपास भावात मिळणाऱ्या, मी खोडून टाकल्या. आणि त्यांच्या जागी प्रोटीन पावडरचा डबा लिहिला, ज्याला शेतमजूर बाईची दोन-तीन दिवसांची मजुरी जाते. महात्मा फुले योजनेत औषधांचे पैसे भागतात. डब्याचे भागत नाहीत. लातूरकडून आलेल्या एका बाईने मला सांगितलं की त्यांच्या रानात सगळं सोयाबीनच असतं, पण "ते आम्ही खात नाही, विकतो." तिला तरी मी काय शिकवत होते, तर तेच: खाऊ नका.

साखरेचं असंच. "साखर खाल्ली की गाठ वाढते ना?" हा प्रश्न रोजचा. गाठीच्या पेशी ग्लुकोज जास्त वापरतात हे खरं, ऑटो वॉरबर्गने ते 1920च्या दशकात दाखवलं आणि पेट स्कॅन त्यावरच चालतो. पण मेंदू, हृदय, स्नायू सगळेच ग्लुकोज वापरतात. आपण चहातली साखर सोडल्याने गाठ उपाशी मरत नाही. एवढं समजावायला पाच मिनिटं लागतात आणि बाहेर रांग असते. मी "कमीच करा" म्हणून मोकळी व्हायचे. 'कमीच करा' चं घरी जाईपर्यंत 'पूर्ण बंद' होतं, मग गूळ बंद, मग भात, मग आंबा, मग डाळिंब. आमच्या भागातल्या बाईने डाळिंब सोडायचं, जिच्या दारात ते पिकतं!

आणि काढे. पहिल्यांदा एका बाईने मला विश्वासाने सांगितलं की ती रोज गव्हांकुराचा रस घेते, तेव्हा मी हसले. जोरात नव्हे, पण हसले. ती वरमली. आमच्या बाहेरच्या बाकावर बसून बायका सगळं एकमेकींना सांगतात, त्यामुळे ही बातमी आतून बाहेर जायला वेळ लागला नसणार. पुढे कितीतरी दिवस माझ्याकडे कोणी काहीच घेत नव्हतं. केसपेपरवर 'इतर औषधे: नाही' असं मी लिहीत होते आणि आपल्या समुपदेशनाचा परिणाम म्हणून स्वतःवरच खूश होत होते.

मग एकीच्या रक्ततपासणीत यकृताचे आकडे एकदम चढले आणि डोस पुढे ढकलावा लागला. कारण सापडेना. औषधाच्या खिडकीवरच्या मुलाने तिच्या नवऱ्याशी गप्पा मारता मारता माहिती काढली: दोन वेळ गुळवेलीचा काढा, त्यात आणखी एक चूर्ण, आणि हळदीच्या गोळ्या. काढ्यामुळेच झालं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, किमोची औषधंही यकृताला त्रास देतात. मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 साली गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती, आणि आयुष मंत्रालयाने त्यावर हरकतही घेतली होती. तो वाद माझ्यासारखीने सोडवण्याचा नाही. हळदीबद्दलही सांगते, फोडणीतली हळद खुशाल खा. पण हळदीच्या अर्काच्या गोळ्यांनी टॅमॉक्सिफेन या इस्ट्रोजेन अडवणाऱ्या गोळीचं रक्तातलं कामाचं रूप कमी होतं असं नेदरलँड्समधल्या एका लहान अभ्यासात 2019 साली दिसलं. मुद्दा असा की हे सगळं मला माहीत असून त्या बाईच्या कामाचं नव्हतं, कारण तिने मला काही सांगितलंच नव्हतं. "तुम्ही रागावता म्हणून," तिचा नवरा म्हणाला. रागवत नव्हते, हसत होते. ते जास्त वाईट.

सगळ्यात शेवटी कळलेली चूक अजून उरली आहे, आणि तिच्याविषयी लिहायला मी टाळाटाळ करत होते.

बायकांनी नेटाने पाळावं म्हणून मी एक वाक्य वापरायचे: "नीट खाल्लंत तर परत यायचं नाही." हे खोटं आहे. नीट खाण्याने उपचार झेपतात, ताकद टिकते, वजन आटोक्यात राहतं. आजार उलटणार नाही याची हमी कोणत्याही ताटात नाही. अमेरिकेत यावर दोन मोठे प्रयोग झाले. एकात 2,437 बायका होत्या, त्यात काही जणींना तेल-तुपाचं प्रमाण खूप कमी करायला लावलं; 2006 साली निकाल आला, आजार उलटण्याचं प्रमाण थोडं कमी दिसलं, पण त्या गटाचं वजनही उतरलं होतं, त्यामुळे श्रेय नक्की कशाला ते सांगणं कठीण. दुसऱ्यात 3,088 बायका; भाज्या-फळं भरपूर, चरबी कमी. 2007चा निकाल: काही फरक नाही. हे मला पाठ होतं. तरीही ते वाक्य मी वापरत होते, कारण ते लागू पडत होतं.

एका बाईचा आजार तीन वर्षांनी हाडांत गेला. ती तिच्या जावेबरोबर आली होती. मी विचारपूस करत असताना जाऊ म्हणाली, "पथ्य कुठं पाळलं हिनं? लग्नकार्यात जिलबी खायची. तुम्ही सांगितलं होतंत तरी." आणि ती बाई मान खाली घालून म्हणाली, "हो, चुकलंच माझं." मी लगेच म्हटलं की नाही हो, जिलबीचा काही संबंध नाही. दोघींनीही ऐकून घेतलं. विश्वास कोणाचाच बसला नाही, कारण तीन वर्षांपूर्वी याच टेबलावरून याच तोंडाने उलट सांगितलेलं होतं. तिच्या आजाराचा दोष तिच्या ताटात ठेवायची सोय मी करून दिली होती आणि घरातल्यांनी ती वापरली होती. ते वाक्य मी त्या दिवसापासून सोडलं. ज्यांना आधी सांगून बसले होते त्या सगळ्यांना गाठून परत घेता आलं नाही.

गुळगुळीत कागद आता नाही. पेशंटला एकटीला बसवून शिकवणंही बंद केलं आहे. घरात स्वयंपाक कोण करतं ते आधी विचारते, आणि ती स्वतःच करत असेल तर पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाला तरी घेऊन यायला सांगते. सासू, मुलगी, जाऊ, नवरा, कोणीही. नवऱ्यांचं अवघड जातं असं मला वाटायचं. पण परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेऊन आलेली आमच्याकडची कुटुंबं बघितली तर मुंबईत भाड्याच्या खोलीत, धर्मशाळेत महिनोन्‌महिने राहताना गावी चहासुद्धा न केलेले पुरुष कुकर लावायला शिकून येतात. गावी परतल्यावर त्यातले बरेच जण पुन्हा विसरतात, हेही खरं. एका मुलाने मात्र मला विचारलं होतं की मसाला घालायच्या आधी डाळ काढायची ती किती शिजल्यावर काढायची. असला प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता.

काय द्यायचं ते मी त्यांच्याच डब्यांतून काढते. माणशी नव्हे, तिच्यापुरती वेगळी मूठभर डाळ, बिनतिखटाची. भाकरी परत. शेंगदाण्याचं कूट चिमूटभर नव्हे, मूठभर. चालत असेल तर रोज दोन अंडी, बारा ग्रॅम प्रथिनं. सोयाच्या वड्या. ताक ताजं. आणि प्रत्येक 'नको'पुढे तारीख लिहिते, कधीपर्यंत नको. काढा घेता का असं विचारत नाही, "काढा कोणता चालू आहे?" असं विचारते. मग बायका सांगतात. उपासांचं मात्र जमलेलं नाही. डोसच्या आदल्या दिवशी संकष्टी आली तर बाई चंद्रोदयापर्यंत काही खात नाही, आणि मी दूध-फळावर तडजोड करून गप्प बसते.

एक मोठी फट मात्र तशीच आहे. किमो आणि लाइट, म्हणजे रेडिएशन, संपले की पेशंटचं माझ्याकडे येणं संपतं. त्यानंतर पाच-पाच, दहा-दहा वर्षं टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल चालू असतं. लेट्रोझोलने हाडं ठिसूळ होतात, तेव्हा दूध, नाचणी, तीळ, व्यायाम यांची खरी गरज लागते, आणि वजन चढायचं तेही याच काळात. पुढच्या तपासण्यांच्या यादीत आहाराची एक ओळ घाला म्हणून मी अर्ज दिला आहे. वेळ आणि जागा दोन्ही नाही असं उत्तर आलं. पण गोळ्या न्यायला बाई येतेच. म्हणून वजनकाटा औषधाच्या खिडकीजवळ हलवून घेतला. पहिल्या आठवड्यात बायका त्याला वळसा घालून जायला लागल्या. एक म्हणाली, "काटा राहू द्या मॅडम, आधी बसायला खुर्ची द्या." आता तिथे बिनहाताची एक खुर्ची आहे. हात न टेकवता पाच वेळा उठून दाखवा म्हटलं की रांगेतल्या बायका हसतात, मोजतात, एकमेकींना चिडवतात. जिला तिसऱ्यांदाच उठवत नाही तिला मी बाजूला घेते आणि विचारते, "घरी सोबत कोण असतं?"